साडूंची हलकी सॅक

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू वजन केल्याशिवाय विकत घेतलेली नाही, आणि माझी खात्री आहे की लग्न ठरवतानाही त्यांनी ताईंना उचलून पाहिलं असणार. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. हे जोडपं वीस वर्षांपूर्वी पुण्याहून जर्मनीत रेगेन्सबर्गला आलं, मागोमाग आम्हीही. साडू इथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि त्यांचं कामच मुळी गाडीचे भाग हलके करण्याचं. दारातून चाळीस ग्रॅम, सीटमधून दीडशे ग्रॅम असं कमी करत करत त्यांनी म्हणे अख्ख्या गाडीला बारीक केलं. कारखान्यात यासाठी पगार मिळतो, घरात मात्र यासाठी बोलणी बसतात. प्रवासाला निघताना ते टूथब्रशची दांडी अर्धी कापतात. ताईंनी डब्यात चार दशम्या घातल्या, तर तीन खाऊन मगच डबा बॅगेत ठेवतात. "वजन पोटात गेलं की जाणवत नाही," हे त्यांचं शास्त्र!

अशा माणसाने शिकारीची सॅक घ्यायची ठरवली तेव्हा आम्ही सगळे हादरलो. सॅकमुळे नव्हे, शिकारीमुळे. कारण साडू इतके कडक शाकाहारी, की केकमध्ये अंडं आहे का, हे विचारून त्यांनी निम्म्या गावातल्या बेकरीवाल्यांना सळो की पळो करून सोडलंय. डास मारायचा तर आधी खिडकी उघडून त्याला जाण्याची संधी देतात. पण हा हट्ट खालच्या मजल्यावरच्या ओपांसाठी होता. ओपा म्हणजे जर्मनमध्ये आजोबा. मुलं त्यांना तसं म्हणायची, म्हणून मग सगळी बिल्डिंगच म्हणायला लागली. ओपा पंचाहत्तरी ओलांडलेले, जुने शिकारी. गावाबाहेरच्या टेकड्यांत जंगलाचा एक तुकडा त्यांनी शिकारीसाठी भाडेपट्ट्याने घेतलेला होता आणि तो पट्टा मार्चअखेर संपणार होता. त्याआधी एक शेवटचं हरीण मारावं, एवढीच त्यांची इच्छा. पण मचाण खाली घळीत आणि गाडीचा रस्ता वर. मारलेलं पंधरा-वीस किलोंचं हरीण पाठीवर घालून उभा चढ चढायचा, आणि ओपांचे दोन्ही गुडघे गेलेले. "जे वर आणता येत नाही, ते मारायचं नाही," असं म्हणून त्यांनी बंदूक कपाटात ठेवली. हे ऐकलं मात्र, आणि साडू म्हणाले, "मी आणतो वर!"

ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही मासळीबाजारावरून जाताना नाक दाबता!" पण साडूंचं ठरलं होतं, आणि का ठरलं होतं, हे ताईंनाही ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी साडूंचे वडील पुण्यात वारले. काही केल्या वेळेवर पोचता येईना. तेव्हा हा सतत बडबडणारा माणूस जिन्यात पायरीवर जाऊन बसला आणि उठेचना. ओपा कचरा टाकायला निघाले होते. त्यांनी हे पाहिलं, कचऱ्याची पिशवी बाजूला ठेवली आणि संध्याकाळपर्यंत त्याच पायरीवर शेजारी बसून राहिले. मग पुढचे कित्येक दिवस रोज बटाट्याचं सूप घेऊन दार वाजवायचे. "सॉसेज घातलेलं नाही," एवढं एकच वाक्य बोलायचे आणि जायचे.

तर सॅक. दिवसभर पाठीवर आहे की नाही कळू नये इतकी हलकी हवी, पण वेळ आली तर पंचवीस किलो ओझं मुकाट वाहणारी हवी. वजनाची मर्यादा नऊशे ग्रॅम. शिकारीच्या दुकानात जाऊन त्यांनी विक्रेत्याला तासभर पिळला. त्या बिचाऱ्याने शेवटी विचारलं, "पण आपण मारता काय?" साडू ताठ उभे राहून म्हणाले, "मी मारत नाही. मी वाहतो." यानंतर मे महिन्यापासून घरी खोक्यांची जी रीघ लागली! सॅक यायची, किचनच्या काट्यावर चढायची, तिची चार दिवस परीक्षा व्हायची आणि परत जायची. पार्सलवाला तर घरचाच झाला. ताई त्याला चहा देऊ लागल्या. परीक्षा म्हणजे दहा-दहा किलो बासमतीच्या दोन पिशव्या आणि पाच किलो कणीक सॅकमध्ये घालून चार मजले चढायचे आणि उतरायचे. तेही रविवारी दुपारी, जेव्हा जर्मनीत खिळा ठोकणं हासुद्धा गुन्हा. कुणीतरी जिन्यात शांततेची आठवण करून देणारी चिठ्ठी लावली. साडूंनी खाली लिहिलं, "दिलगीर आहे, उद्यापासून मोजे घालून चढेन." त्यांची लेक मैत्रिणींबरोबर जिन्यात समोर आली आणि "पापा, पाइनलिश!" म्हणून पळाली. बाप असा लाज आणतो तेव्हा पोरं मराठी विसरतात.

शेवटी सप्टेंबरात एक सॅक पसंत पडली. तिला आतून काठ्यांची चौकट होती, आणि ओझं पिशवीत न घालता चौकट आणि पिशवी यांच्या मधोमध, अगदी पाठीला चिकटवून बांधता येत होतं. सगळं उत्तम, फक्त वजन अकराशे वीस ग्रॅम. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे. साडूंनी कात्री घेतली. आधी लेबलं गेली, मग पट्ट्यांची टोकं गेली, आणि काटा तरीही ऐकेना तेव्हा त्यांनी चक्क कमरेचा रुंद पट्टाच कापून टाकला. काट्यावर आठशे नव्वद! घरात पेढे वाटायचेच बाकी होते. दुसऱ्या दिवशी तांदूळ घेऊन दुसरा मजला गाठेपर्यंत सगळं ओझं खांद्यांवर आलं, आणि मग चार दिवस ह्या गृहस्थांना घास तोंडापर्यंत नेता येईना. ओझं वाहते ती कंबर, हे ओपांना शाळेच्या वयापासून माहीत. गाडी हलकी करणाऱ्याला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. ताईंनी गोधडीचा जाड दोरा काढला आणि पट्टा परत शिवला. "वरचे दोनशे ग्रॅम माझ्या नावावर लिहा," त्या म्हणाल्या, "पण आता निघा. नर हरणांचा हंगाम संपायला आठवडा राहिलाय."

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी पहाटे आम्ही तिघं गेलो. गाडी चालवायला मी. दोघांच्या मचाणावर तिघं अंग चोरून बसलो. उजाडल्यावर धुकं जरा विरळ झालं आणि झाडीतून एक हरीण अलगद मोकळ्यावर आलं. ओपांनी बंदूक उचलली. मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, सॅकचे पट्टे दोन्ही मुठींत आवळले होते आणि ओठ हलत होते. रामरक्षा चालली होती. स्वतःसाठी की हरणासाठी, कोण जाणे. ओपांनीही वळून पाहिलं. मग बंदूक खाली ठेवली, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि हरीण चरत चरत निघून जाईपर्यंत बघत राहिले.

साडूंनी डोळे उघडले तेव्हा समोर नुसतं गवत. ते एकदम चिडले, आणि चिडून मराठीतच बोलले, "अहो, मारलं का नाही? मी उचललं असतं ना!" मग भानावर येऊन तेच जर्मनमध्ये म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

"गेनाऊ," ओपा म्हणाले. अगदी बरोबर. "तू उचललं असतंस. मला माहीत आहे. म्हणूनच."

परतीच्या चढावर अर्ध्यात ओपांचा गुडघा अडकला. साडूंनी त्यांचा जाड कोट, थर्मास, दुर्बीण सगळं सॅकला बांधलं, कमरेचा पट्टा आवळला आणि मागचे दोन पट्टे ओपांच्या हातात दिले. "धरा," म्हणाले. मग पावलापावलाने त्यांना ओढत वर नेलं. गोधडीचा दोरा कुरकुरला, पण टिकला. बंदूक खांद्याला अडकवून ओपा मागून हसत होते आणि धापा टाकत होते.

मार्चमध्ये जंगलाचा भाडेपट्टा संपला आणि ओपा लेकीकडे हाम्बुर्गला राहायला गेले. आता ते पुन्हा कुठला डोंगर चढायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. ताईंनी परवा सॅक विकायला काढली, तेव्हा साडूंनी ती हळूच परत खुंटीला अडकवली. "असू दे," म्हणाले. "ओपा कधी भेटायला आले, तर जिना चढायला लागेल."