उत्तरेश्वरचे दात

वडवणीच्या शिवारातल्या निम्म्या बोअर ज्यानं पाडल्या, तो उत्तरेश्वर ठार बहिरा आहे. तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभं राहिल्यावर कुणाचेही कान जातील, त्यात कौतुक नाही. कौतुक पुढचं. कान गेल्यावर हा गडी पहारीचं एक टोक मशीनच्या सांगाड्याला टेकवायचा, दुसरं दातात धरायचा आणि खाली काय लागलंय ते सांगायचा. मुरूम, मांजऱ्या खडक, मऊ लाल गेरू, काळा पाषाण. रॉड अडकायच्या आधी हात वर करायचा. त्याच्या हातून रॉड अडकल्याचं मला आठवत नाही, आणि बोअरची गाडी माझीच होती.

तरी मी त्याला काढलं. नवी गाडी घेतली, तिच्यावर हाक ऐकू येणारी माणसं लागतात. साठीला आलेल्या बहिऱ्याला दुसरं कोण ठेवणार? त्याची बायको सरस्वतीबाई पुन्हा ऊसतोडीचा कोयता घासायला बसली.

तेवढ्यात माळावर मंगळवाले आले. मंगळाच्या पोटात भोक पाडायचं यंत्र त्यांना आपल्या काळ्या दगडात तपासायचं होतं. यंत्र टेबलाएवढं. पाणी वापरायचं नाही, जोर लावायचा नाही. तिथं अडकलं तर सोडवायला कोण जाणार? इथून ‘थांब’ म्हणावं, तर निरोप पोचायलाच कधी कधी वीस मिनिटं लागतात. म्हणजे कधी थांबायचं ते यंत्राचं यंत्रालाच कळायला हवं. ते शिकवायला त्यांनी उत्तरेश्वरला घेतलं.

पहारीला त्यांनी सेन्सर चिकटवला आणि त्याच्या हातात लाल बटण दिलं. अडकणार असं वाटलं की दाबायचं. चार महिने हा पहार चावत बसला. गावात काय तो रुबाब! इस्त्रीचा शर्ट, साहेबांच्या जीपमधून येणं-जाणं. सरस्वतीबाईनं कोयता माळ्यावर टाकला.

मला बघवलं नाही. खरं सांगतो, पोटात दुखलं. आठवडी बाजारात मी त्याच्यासमोर उभं राहून, ओठ वाचता येतील असं ओरडलो, “येड्या, ते यंत्र तुझ्याकडून शिकायलंय. शिकलं की तू घरी!”

तो भाजी न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं अक्कल चालवली. गेरू संपून पाषाण लागला, यंत्र अडकत आलं, तरी बटण दाबलं नाही. टोक आत रुतून तुटलं. असं तीनदा झालं.

“कळलंच न्हाई, साहेब,” तो म्हणाला. “दात हालायलेत आता.”

मी तिथं जनरेटरचं डिझेल पुरवायचो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तिथली इंजिनीअर मनिषा धर्मापुरीची, त्याला काका म्हणायची. तिनं त्याला पहारीवरच्या सेन्सरची कॉम्प्युटरवरची रेघ दाखवली. खडक बदलला त्या क्षणी त्याचे दात पहारीवर आवळले होते. तिन्ही वेळा. मग तिनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘काका, तुम्हाला कळलं होतं.’

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खूश झाली. चार महिन्यांच्या नोंदी काढून बघितल्या, तर प्रत्येक वेळी दात बटणाच्या आधी आवळलेले. बटणापेक्षा दात पक्के! बटणाच्या नोंदी टाकून दिल्या, यंत्राला दातांवर शिकवलं. उत्तरेश्वरला साहेबांनी त्याच संध्याकाळी काढलं, खोटं बोलला म्हणून. पहार ठेवून घेतली.

शेवटच्या चाचणीला सगळं गाव जमलं. यंत्र एकटंच चाललं होतं, कुणी हात लावायचा नव्हता. उत्तरेश्वर तारेच्या कुंपणाबाहेर माझ्याशेजारी उभा होता. त्यानं कुंपणाचा लोखंडी खांब दातात धरून बघितला, पण यंत्र लांब होतं. काहीच कळेना.

गेरू संपला. यंत्र आपसूक थांबलं, त्यानं टोक अलगद वर घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याला फक्त थांबलेलं यंत्र आणि हलणारे हात दिसले. त्यानं माझी बाही ओढली.

“अडकलं का बे?” त्यानं विचारलं. डोळ्यांत एवढी आशा मी त्याच्या कधी बघितली नव्हती.

मी नाही अशी मान हलवली. टाळ्या मात्र थांबवल्या नाहीत.