तिरकस सरांचं सरळ वाक्य

कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या या सरांना मुलांनी ‘तिरकस सर’ असं नाव ठेवलं होतं. ते पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा सर घरी जाऊन बायकोला म्हणाले, "पोरं अगदीच वाया गेली बघ, मास्तरांची अब्रू काढायला निघालीत." आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

उपरोध हा त्यांचा हुकमी विषय. तो तास असला की दुसऱ्या वर्गातली मुलंही मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसत. सर खडू खाली ठेवून सांगत, "उपरोधाला तीन माणसं लागतात. एक बोलणारा. दुसरा, ज्याला आतलं कळतं. आणि तिसरा बिचारा, जो शब्दाला शब्द धरून बसतो. कवी राजाची स्तुती करत करत त्याची लाज काढतो, राजा मान डोलावतो आणि दरबार ओठ चावून हसू आवरतो. लेखकाने त्या राजाच्या डोक्यावरून आपल्याला डोळा मारलेला असतो." वर्ग हसला की थोडं थांबून पुढचं वाक्य टाकत. "मात्र तो दुसरा माणूसच नसेल, तर उपरोध म्हणजे निव्वळ खोटं बोलणं."

सरांच्या घरातला दुसरा माणूस म्हणजे त्यांची बायको. ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, भिंतीला शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, आणि पायाखाली कायम रंगीत धाग्यांचे तुकडे. लग्न नवं असताना तिने हौसेने नवऱ्याला शर्ट शिवला. तो घालून सर आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाह्या दोनच? मला वाटलं, एवढी हौस आहे तर चार लावशील."

ती तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली, "कापड कमी पडलं. नाहीतर एक तुमच्या तोंडाला लावणार होते."

शेरास सव्वाशेर भेटला, आणि संसार मजेत सुरू झाला. सर तिला ‘सरकार’ म्हणत. चहा आला की ‘सरकारला प्रजेची दया आली’. भाजी चांगली झाली की ‘पुन्हा असलं करू नकोस, दुसऱ्यांदा वाढून घ्यावं लागतं’. चांगल्याला चांगलं म्हणायचं तर यांच्या जिभेला काटा टोचत असे. तिची थोरली बहीण नर्स होती आणि तिचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. ती एकदा वैतागून म्हणाली, "तुझा नवरा कधी सरळ बोलतो का गं?"

"त्यांचं बोलणं कापडासारखं आहे ताई," ही म्हणाली. "उलटी बाजू वर ठेवतात. मी सुलटी करून घेते."

मग एका दुपारी गणवेशाची बाही अर्धी शिवून झालेली असताना तिचा डावा हात मशीनवरून घसरला आणि मांडीवर पडून राहिला. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला होता. दवाखान्यातून ती घरी आली ती बरीच सावरून आली. काठी घेऊन चालायची, बोलणं स्वच्छ, आठवण शाबूत. सर्वांना हायसं वाटलं.

दवाखान्याकडून घरी सराव करून घ्यायला येणाऱ्या तरुण थेरपिस्ट बाईंनी मात्र सरांना समोर बसवून सांगितलं, "काकूंना शब्द सगळे कळतात. सूर कळत नाही. आवाजातली चेष्टा, डोळ्यातलं हसू त्यांना आता ओळखू येत नाहीये. हळूहळू येईल, कदाचित नाहीही येणार. तोवर घरात सरळ बोला. आणि काकू, शंका आली की बेधडक विचारायचं, की हे म्हणणं खरं की चेष्टा."

"उलटं की सुलट," काकू म्हणाल्या.

"हां, तसंच विचारा."

सरांनी मान डोलावली. पण जित्याची खोड ती. दुसऱ्याच दिवशी तिने एका हाताने, मोठ्या कष्टाने, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. ते बघून सरांचा ऊर इतका भरून आला की ते म्हणाले, "आता आमचं घरात काय काम? काढूनच टाका आम्हाला."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "माझं चुकलं का काही?"

"नाही गं, तसं नाही…" एवढंच म्हणून सरांचं घोडं अडलं. पुढचं वाक्य त्यांना माहीत होतं, पण ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. म्हणून त्यांनी गप्प राहायचं ठरवलं. तिरकस बोलायचं नाही आणि सरळ बोलता येत नाही, मग दुसरं काय करणार? घरात दिवसभर नुसत्या भांड्यांचा आवाज येऊ लागला. तिने त्या गप्प बसण्याचाही सरळ अर्थ घेतला, की यांना आता आपल्याशी बोलायचंच नाही.

अशातच कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला. मित्र जुना, म्हणजे ‘दुसरा माणूस’. कोंडलेल्या सरांना मोकळं रान मिळालं. "कशी आहे म्हणजे? सरकार सूड उगवतंय आमच्यावर. बसल्या जागी हुकूम सोडते. मी तर कंटाळलो बुवा, कुणी घेऊन जात असेल तर सांग." पलीकडे मित्र हसला, हेही हसले. आतल्या खोलीत ती ऐकत होती.

संध्याकाळी तिने सरांना शेजारी बसवून सांगितलं, "शनिवारी ताई येतेय. मी तिच्याकडेच राहायला जाते. तुम्ही कंटाळलात, बरोबरच आहे. मला राग नाही आला."

खरंच राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि तोंडातून निघालं काय, तर "जा, जा. आम्हीही जरा सुखाने जगू."

त्यांचा आवाज इतका फाटला होता की रस्त्यावरच्या परक्या माणसालाही कळलं असतं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

वर्षानुवर्षं वर्गात सांगितलेला तो तिसरा माणूस सरांसमोर बसला होता. त्याच्या डोक्यावरून डोळा मारायला घरात दुसरं कुणीच नव्हतं. सरांना स्वतःची लाज वाटली. माणूस हुशार असला म्हणून त्याने आपल्याच माणसाला इतकं दुखवावं, हे काही बरं नाही.

शनिवारी सकाळी ताई आल्या. खाली गाडी उभी, दारात बॅग भरलेली. ती खुर्चीत बसून चपलेचा पट्टा लावायला बघत होती, पण डाव्या हाताला तो धरता येईना. सर पुढे झाले, जमिनीवर बसले आणि तिचं पाऊल मांडीवर घेऊन पट्टा लावू लागले.

"भाऊजी, उशीर होतोय," ताई म्हणाल्या.

सरांनी पट्टा लावला, पण पाऊल सोडलं नाही. चेहरा वर न करता म्हणाले, "जाऊ नकोस."

तिने विचारलं, "उलटं की सुलट?"

"सुलट."

"पण तुम्ही फोनवर म्हणालात, कंटाळलो म्हणून."

"मी कंटाळलेलो नाही. ते उगाच बोललो." पहिलीतलं पोर धडा वाचतं तसे ते एकेका शब्दाला थांबत होते. "मला तू इथे हवी आहेस. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मला फार भीती वाटली. मी रडलो. तू केलेल्या घड्या चांगल्या झाल्या होत्या. तुझ्याशिवाय मला या घरात राहवणार नाही."

"परत म्हणा."

सरांनी परत म्हटलं. या वेळी थोडं कमी अडखळत. तिने सगळं ऐकून घेतलं, मग बहिणीकडे वळून म्हणाली, "ताई, बॅग राहू दे."

ताईंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच नर्सच्या आवाजात दटावलं, "कमाल आहे तुझी. त्यांचं सगळं मला कळतं, असं आयुष्यभर सांगत होतीस ना मला? मग एवढं परत परत काय वदवून घेतेस?"

"कळायचं गं," ती म्हणाली. "पण ऐकलं नव्हतं कधी."

सरांनी मान वर केली नाही. लावलेला पट्टा ते हळूहळू सोडवत राहिले.