आईसाठी निवडलेला जून

नॉर्वेला कोणत्या दिवसांत जावं, हे आईनं मला विचारलं, कारण भूमच्या शाळेत मी भूगोल शिकवतो. धाकट्या बहिणीनं तिला बोलावलं होतं. तिचं घर नॉर्वेच्या पार उत्तरेला. "करमलं तर कायमची इथंच राहा," असंही ती म्हणाली, तेही फोनच्या स्पीकरवर, मी समोर जेवत असताना.

माझं डोकं सणकलं. आईचं दुखणंखुपणं काढायचं मी, आणि गुणगान लेकीचं.

मी नकाशा उघडून बसलो. हिवाळ्यात तिथं बर्फ आणि अंधार. सप्टेंबर सगळ्यात चांगला. थंडी बेताची, दिवसरात्र आपल्यासारखी. मी जून सांगितला. "लई उजेड असतो, आई. सूर्य मावळतच न्हाय."

त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या दिवसांत पौर्णिमेनंतरचा चंद्र तिथं डोंगराच्या वर येत नाही, एवढं मी गिळलं. आई संकष्टी करते. कॅलेंडरात छापलेली वेळ तिला चालत नाही. चंद्र डोळ्यांनी दिसला पाहिजे, तिच्या नाहीतर घरच्या माणसाच्या, मगच घास. तिथं तिचे हाल व्हावेत, जीव विटावा आणि तिनं निमूट परत यावं, अशी माझी इच्छा होती.

जूनमध्ये आई गेली, आणि संकष्टीला तिचा फोन आला. "इथं काय दिसंना बाबा. तुला दिसला का चांद?"

मी गच्चीवरच उभा होतो. चंद्र पाण्याच्या टाकीवर आला होता, चांगला लख्ख.

"ढग हायत," मी म्हणालो. "न्हाय दिसत."

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण फोनवर रडत होती. आईनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं आणि चक्कर येऊन ती ओट्यावर आपटली होती. "मला न्हाय झेपायचं हे, दादा." मला आनंद झाला. लाज नंतर वाटली, तीही थोडीच.

पंधरा दिवसांत आई परत आली, कपाळावर टाक्यांचा वण घेऊन. गल्लीत सगळ्यांना सांगत होती, लेकानं मोसम चांगला बघून दिलता, माझंच नशीब फुटकं. घरात आल्यावर मी तिला चहा दिला. कप हातात घेऊन ती म्हणाली, "त्या दिशी शेजारनीला बी फोन केलता म्या. चांद लख्ख हाय म्हनली."

मी विचारलं, "मग जेवली का न्हाईस?"

"घरचं मानूस न्हाय म्हनलं. कसं जेवायचं?"

पुढच्या संकष्टीला मी गच्चीवरून ओरडून सांगितलं, "आई, चंद्र दिसला." गुडघे धरत ती पायऱ्या उतरून शेजारणीच्या दारात गेली, तिला विचारून आली, आणि मग ताट वाढून घेतलं.