बावीस दारांचा कुत्रा

माणसाच्या आयुष्याला दिशा देणारा गुरू त्याला योग्य वेळी भेटतोच, असं आमच्या परभणीत जवळजवळ प्रत्येक सत्कारात सांगितलं जातं. महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो तेव्हा मीही हे वाक्य दोन-चार व्यासपीठांवरून म्हटलं आहे आणि त्याबद्दल शाल घेतली आहे. माझा गुरू मला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी भेटला. त्याला शेपूट होतं आणि डाव्या कानामागे गोचिडं होती.

भेटीचं कारण साखर. आमचे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी, मी महाविद्यालयाआधी शाळेत शिकवायचो तेव्हाचे. वर्गात मागच्या बाकावर झोपायचे, आता माझे रिपोर्ट पाहून त्यांची झोप उडते.

"सर, गोळ्यांवर आता भागायचं नाही," ते म्हणाले. "तीन महिने देतो. रोज चाळीस मिनिटं चाला, गोड बंद करा. तीन महिन्यांनी रिपोर्ट असाच आला तर इन्सुलिन सुरू करू. काही अवघड नसतं, स्वतःच पोटात टोचायचं."

मी सुईला भितो. लहानपणी ताडकळसला देवी टोचणारा माणूस आला की मी ज्वारीत जाऊन बसायचो आणि तो पुढच्या गावाला गेल्याची खात्री झाल्यावरच घरी यायचो. पुढे तीस वर्षं मुलांना गिलोटिन शिकवलं, कधी आवाज कापला नाही. पण ते पात्यांचं प्रकरण होतं, आणि दुसऱ्यांच्या मानांचं. रोज सकाळी स्वतःच्या हाताने स्वतःच्याच पोटात सुई घालायची, ही कल्पना मला दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा सहन झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातल्या सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळात दाखल झालो. मंडळाला अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते, सल्लागार समिती होती. चालणं मात्र पहिल्या बाकड्यापर्यंत. तिथे बसून राज्याचा कारभार चालायचा आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याचा सत्कार व्हायचा. सदस्य इतके की बहुतेक दिवशी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस निघायचा. मी चार दिवस गेलो आणि तीन दिवस पेढे खाऊन आलो. साखर आहे म्हणून सांगायची सोय नव्हती, कारण ते मी बायकोखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. इतरांच्या आयुष्यातले कागद बाहेर काढायचे आणि स्वतःचे कुलपात ठेवायचे, ही आम्हा इतिहासवाल्यांची जुनी खोड.

त्याच आठवड्यात आमचा जुना दूधवाला दारात आला. हा पेडगावचा. दोन वर्षं त्याने आमच्या वसाहतीत रतीब घातला. मोटारसायकलच्या दोन बाजूंना किटल्या, आणि टाकीवर पुढे ऐटीत बसलेला तांबडा कुत्रा. आमच्या गल्ल्या पाइपलाइनसाठी खोदल्या होत्या, म्हणून तो गाडी कोपऱ्यावरच्या लिंबाखाली लावायचा आणि किटली घेऊन पायी घरोघर फिरायचा. कुत्रा पुढे, हा मागे. मग म्हशी विकल्या आणि रतीब बंद झाला. वसाहत पिशवीच्या दुधावर आली.

"सर, ह्याला ठिवून घ्या," दूधवाला म्हणाला. "गावात करमंना गेलंय त्याला. सकाळ झाली की गाडीपाशी जाऊन बसायलाय. खायना बी धड."

"आम्ही कुत्रा पाळून काय करू?"

"काई करू नका. तेच करतंय सगळं."

मी नकार जुळवत होतो तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "राहू द्या हो. घरात कुणीतरी हालचाल करणारं असलं तर बरंच आहे."

कुत्र्याला नाव नव्हतं. दूधवाला त्याला "चल रे" म्हणायचा, तेच आम्ही चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तो दार खरवडू लागला. मी चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत तो गेला, वळला, पहिल्या फाटकापुढे बसला आणि दोनदा भुंकला. मी साखळी ओढली. तो हलला नाही. दार उघडलं आणि तहसीलमधून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून बनियनवर बाहेर आले. हातात पातेलं.

"सर? तुम्ही दूध घालायला लागलात?"

"नाही."

"मग?"

"फिरायला निघालोय."

"आमच्या फाटकात?"

मी हातातली साखळी उचलून दाखवली. दार उघडल्याचं पाहून कुत्रा समाधानाने उठला आणि पुढच्या फाटकापुढे जाऊन बसला. अशी बावीस घरं. एकाही घराला त्याने वगळलं नाही, आणि दार उघडल्याशिवाय एकही सोडलं नाही. चौथ्या-पाचव्या घरानंतर मी खुलासे देणं थांबवलं. नवव्या घरी तर पातेलं घेऊन आलेल्या वहिनींनी मलाच दोष दिला: "दूध नाही तर भुंकवता कशाला?"

पहिल्या आठवड्यात मी त्याला विद्यापीठाच्या रस्त्याकडे वळवायचे सगळे प्रयोग केले. बिस्किट दाखवलं, दरडावलं, एकदा उचलूनही नेला. खाली ठेवल्यावर तो सरळ लिंबाखाली परत गेला आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी माझं दीड तास चालणं झालं.

खरा धोका चालण्यात नव्हता, चहात होता. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा न देता जाऊ देणं हा त्याचा अपमान, आणि तो न घेता जाणं हा घरवाल्यांचा. चहा म्हणजे दुधात उकळलेला साखरेचा पाक. मी पहिल्या आठवड्यात रोज पाच-सहा ठिकाणी मान राखत होतो. घरी येऊन हिशेब केला तर सुई मंडळातल्या पेढ्यांच्या वेगानेच जवळ येत होती. कुत्र्याला कोंडून ठेवणं किंवा खरं सांगणं, एवढेच मार्ग उरले. कोंडण्याचा प्रयोग एक सकाळ केला. त्याने दाराचा रंग काढला आणि बायकोने माझा.

मग मी अव्वल कारकुनांच्या पायरीवर बसून सांगून टाकलं. "मला साखर आहे. तीन महिन्यांची मुदत आहे. नाहीतर इन्सुलिन."

त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं. मग म्हणाले, "मला पण आहे. सहा वर्षं झाली. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही."

आमची ओळख अठरा वर्षांची. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना फक्त पावसाविषयी माहिती दिली होती. त्या दिवसापासून तेही चपला घालून आमच्याबरोबर निघू लागले.

बातमी मात्र आमच्या आधी बाविसाव्या दारी पोचली. तिथून पुढे चहा बिनसाखरेचा येऊ लागला, तोही अर्धा कप, आणि वसाहतीने माझी साखर सामाईक मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली. "सर, काल लग्नात तुमी दोनदा बुंदी घेतली म्हणे." "एकदाच." "आमच्या ह्यांनी बघितलं." एका घरी दसऱ्याला सगळ्यांना श्रीखंड दिलं आणि माझ्यापुढे वाटीभर काकडी ठेवली. निवृत्तीनंतर माझ्या बारीकसारीक हालचालींची इतकी नोंद कुणी ठेवली नव्हती. खरं तर नोकरीतही नव्हती.

चौदावं घर एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. मुलं पुण्यात, घरात एकट्या. एका सकाळी त्यांचं दार उघडेना. दाराला लॅच, त्यामुळे बाहेरून कुलूप दिसायचा प्रश्न नव्हता. कुत्रा बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी हाका मारल्या, अव्वल कारकुनांनी खिडकी ठोकली. शेजारचे गोळा झाले. कुणीतरी पहार आणली. दार फोडायचं की पोलिसांना बोलवायचं यावर दोन गट पडले तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय, गेले समजून जमलात का?"

बाई मेथीची जुडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पहार आणणाऱ्याचं नाव-गाव विचारलं, दार उघडलं आणि सगळ्यांना चहा केला. मी जायला निघालो तेव्हा त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "सर, रोज आणा हं ह्याला." त्यानंतर सकाळी कुठे जायचं असेल तर त्या आदल्या दिवशीच कुत्र्याला सांगून ठेवत. "उद्या मी नाही रे. पुढे जा." तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे बसायचा. पण निदान मला कळलेलं असायचं.

घरातही फरक पडला. रात्री टीव्हीवर चर्चा बघत तळमळणारा मी दहाला झोपू लागलो, कारण पावणेसहाची हजेरी चुकवता येत नव्हती. बायको मला म्हणायच्या गोष्टी कुत्र्याला म्हणू लागली. "बघ रे, चष्मा पुन्हा न्हाणीत विसरलेत." तो शेपूट हलवायचा. एवढी दाद मी तिला तेहतीस वर्षांत दिली नव्हती. तिचं डोकं दुखणं कमी झालं. याचं श्रेय कुणाला, हे मी विचारलं नाही.

मुदतीला पंधरा दिवस उरले असताना दूधवाला परत आला. मोटारसायकल, किटल्या, सगळं धुऊन-पुसून.

"दोन म्हशी घेतल्यात, सर. उद्यापासनं रतीब सुरू करायलोय. म्हणलं कुत्रं घिऊन जावं."

कुत्र्याने त्याच्या अंगावर उड्या मारल्या, हात चाटला आणि टाकीवर जाऊन बसला. बायको आत निघून गेली. मला त्या क्षणी वियोगाचं दुःख व्हायला हवं होतं. थोडं झालंही. पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे सुईच आली. कुत्र्याशिवाय मी एकही दिवस अंथरुणातून उठणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मंडळाचे पेढे वाट बघत होते.

ती रात्र बरी गेली नाही. पण पावणेसहाला दार खरवडायला कुणी नसताना मला जाग आली. पाच मिनिटं छताकडे बघत पडलो. मग चपला घालून लिंबापाशी गेलो. अव्वल कारकून आधीच उभे होते.  मोटारसायकल आली, कुत्रा टाकीवरून उतरला, त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि पहिल्या फाटकापुढे जाऊन बसला.

दूधवाल्याने आम्हाला निरखलं. "तुमी कुठं निघालाव?"

"ह्याच्याबरोबर," मी म्हणालो.

"मग मोकळ्या हातानं कशाला? ही धरा." त्याने एक किटली माझ्या हातात दिली, दुसरी अव्वल कारकुनांच्या. स्वतः फक्त माप घेतलं.

पंधरा दिवस असे गेले. बावीस दारं, जाताना भरलेली किटली, येताना रिकामी. दंड दुखले, मग दुखायचे थांबले. कुत्रा दुपारी आमच्या ओसरीवर झोपू लागला आणि संध्याकाळी शहरातली कामं उरकून परतणाऱ्या दूधवाल्याबरोबर गावाकडे जाऊ लागला. तो नक्की कुणाचा, हा प्रश्न कुणी काढला नाही.

मुदत संपली. डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडात धरला, जुना काढून शेजारी ठेवला, पुन्हा वाचला.

"सर, इन्सुलिन नको. एक गोळी कमी करू. काय केलंत तुम्ही?"

एवढ्या मोठ्या प्रश्नाला साजेसं बोलावं म्हणून मी खुर्चीत सरळ झालो. माणूस आणि श्वान यांचं हजारो वर्षांचं साहचर्य, एकटेपणा हाच खरा आजार कसा, शेजाऱ्याच्या दारात उभं राहण्याने रक्तदाबाला काय मिळतं, असं सगळं सांगत दहा मिनिटांनी मी रतीबापर्यंत आलो. डॉक्टर पेन बाजूला ठेवून लक्षपूर्वक ऐकत होते. वर्गात त्यांनी इतकं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हशीचं का गाईचं?" त्यांनी विचारलं.

"म्हशीचं."

डॉक्टरांनी उद्यापासून एक लिटर लावलं.