राखाडी रंगवलेला उतार

नकाशात पाच रंग होते. शेती पिवळी, जंगल हिरवं, वस्ती लाल, पाणी निळं, पडीक राखाडी. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या पर्यावरण प्रकल्पासाठी सरांनी हे रंग ठरवून दिले होते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या काही गावांत जमिनीचा वापर कसा बदलला, हा विषय होता. मुरबाडची गावं दुसऱ्या गटाकडे गेली. माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला डोळखांबच्या पुढचा एक पाडा आणि त्यामागचा उतार आला.

आम्ही मार्चमध्ये गेलो, कारण एप्रिलमध्ये परीक्षा होती. पाड्यातल्या बहुतेक घरांना बाहेरून कड्या होत्या. माणसं वीटभट्ट्यांवर गेली होती, ती पावसाच्या तोंडाशी परतणार होती. एका दारात मोहाची फुलं वाळत घातलेली दिसली. हाक मारली, ओ आली नाही. आम्ही दहा मिनिटं थांबलो. परतीची बस साडेतीनची होती.

उतारावर गुडघाभर वाळलेलं गवत होतं. मधे मधे ऐनाची झाडं, फांद्या छाटलेली, खांबासारखी. खालच्या कोपऱ्यात एक काळा, जळका चौकोन. मैत्रिणीने वहीत लिहिलं : वृक्षतोड, वणवा. मी चारही कोपऱ्यांवर उभी राहून मोबाइलवर जागा नोंदवली आणि वर्गवारीच्या रकान्यात लिहिलं : पडीक.

आमचं घर शेणव्याजवळ, भातशेतीचं. राब म्हणजे काय हे मला ऐकून माहीत होतं. झाडांच्या फांद्या छाटायच्या, पाला आणि शेण घालून त्या भाताच्या रोपांच्या जागेवर भाजायच्या. आमच्याकडे हे आजोबांबरोबर संपलं. वडील खताची गोणी आणतात. तरी छाटलेला ऐन आणि भाजलेला चौकोन मला ओळखता यायला हवे होते. आले नाहीत.

नकाशा चांगला झाला. सरांचा नियम होता की ज्या गावात फिरलो त्या गावाला प्रत द्यायची. आम्ही प्रत लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत दिली. ग्रामसेवकाने ती नळाच्या वेळापत्रकाशेजारी टांगली. आम्ही तिच्यासमोर फोटो काढला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पाड्यावरची एक बाई आमच्या घरी आली. मी तेव्हा एका दैनिकात उमेदवारी करत होते आणि त्या दिवशी सुटीवर होते. नकाशाच्या कोपऱ्यात आमची नावं आणि गावं छापली होती, त्यावरून तिने घर शोधलं होतं. आईने चहा ठेवला. बाईने मोबाइलवर नकाशाचा फोटो काढून आणला होता. तो तिने माझ्यासमोर धरला.

"ह्या कागदावर तुजा नाव हाय ना?"

"हो, मावशी."

"मग ह्यो राखेचा रंग कोनी लावला?"

"मी."

राखाडी तुकडा तिचा होता. सासऱ्याच्या वेळेपासून घर तो उतार कसत आलं होतं, पण सातबारा नव्हता. जागा वनखात्याच्या हद्दीत धरलेली होती. तिने वनहक्काचा दावा केला होता. जागेची पाहणी करायला माणसं आली ती आधी ग्रामपंचायतीत बसली. समोर नकाशा होता. पाहणीच्या कागदात त्यांनी लिहिलं की जागेवर लागवड नाही, पडीक आहे. ते ती मला एकेक करून सांगत होती, आवाज न चढवता.

"तिथे गवतच होतं," मी म्हणाले.

"असनारच. पैल्या वर्साला नाचनी, मग वरी, मग खुरासनी. मग तिला निजवायची. तीन-चार वर्सं. गवत गुरांना, ऐनाचा पाला राबाला. निजली नाय तर देनार काय ती?"

तिने फोटोतल्या राखाडी तुकड्यावर बोट ठेवलं.

"म्हातारा दुपारचा आडवा झाला तं त्याला जालायला नेता का गो तुमी? उठवून बगायचा तरी."

आई हसली आणि मग थांबली. बाईने बशीत चहा ओतला.

"तुम्ही घरात नव्हतात, मावशी. सगळी दारं बंद होती."

"भट्टीवर होतो. दार बंद म्हंजे मानूस मेला नाय."

तिला एकच गोष्ट हवी होती. ही चूक आमची आहे, असं आम्ही कागदावर लिहून द्यायचं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रकल्प जमा झालाय, गुण लागलेत. आता कॉलेजच्या कागदावर काही देता येणार नाही. तुझ्या नावाने तू लिही." मी लिहिलं. दीड पान. विश्रांतीची वर्षं हा लागवडीचाच भाग आहे, छाटलेली झाडं राबासाठी राखलेली आहेत, वर्गवारी चुकली आहे. मैत्रिणीनेही सही केली. दावा जिथे पडून होता त्या कचेरीत पत्र दिलं, पोच घेतली. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "संस्थेचा शिक्का नाही का?" नव्हता.

मग मी ग्रामपंचायतीत गेले. नकाशा काढून टाका म्हणाले.

"कशाला?" ग्रामसेवक म्हणाला. "चांगला दिसतो. येणारा-जाणारा बघतो."

"त्यात एक चूक आहे."

"मग दुरुस्त करा ना, मॅडम. तुमचाच आहे."

त्याने ड्रॉवरमधून पिवळं स्केचपेन दिलं. मी राखाडी तुकड्यावर ते फिरवलं. शाई प्लास्टिकवर बसली नाही, थेंब होऊन सरकली. ग्रामसेवकाने रुमालाने काच पुसावी तसा नकाशा पुसून परत टांगला.

त्यानंतरच्या श्रावणात मी पाड्यावर गेले. बातमीसाठी नाही. दाव्याचं काय झालं ते विचारायला. दावा पुढे सरकला नव्हता, फेटाळलाही नव्हता. बाई उतारावर होती. पूर्ण उतार फोडलेला होता, वरच्या कड्यापासून खालच्या ओघळीपर्यंत. गवत कुठेच नव्हतं. नाचणी लावली होती, पण रोपं विरळ, पिवळट, वितीएवढी. वरच्या अंगाला माती धुपून खडक उघडा पडला होता. ऐनाची दोन झाडं मुळापासून काढली होती. त्या जागी खड्डे होते आणि खड्ड्यांतसुद्धा नाचणी होती.

"निजवली नाही ह्या वर्षी?"

"निजवली तं तुजासारकी कोनतरी येते." ती न थांबता निंदत होती. "आता कवा पन या. बाराही म्हैने कायतरी उबा ठेवनार."

"पीक कमी दिसतंय."

"कमीच हाय. पुढल्या साली ह्याच्यापन कमी येल." तिने उपटलेलं तण बांधाकडे फेकलं. "पन दिसतंय ना? तुजा फोन काड. फोटू घे, तारखेसकट. वरचापन घे. समदा आला पायजे."

मी फोटो घेतले. प्रकल्पात नोंदवले होते त्याच चार कोपऱ्यांवरून. खालचा भाजलेला चौकोन आता ओळखू येत नव्हता, तिथेही रोपं होती. तिने एकेक फोटो पाहिला. एका फोटोत खडकाचा भाग मोठा आला होता, तो तिने पुन्हा घ्यायला लावला.

"आता रंग कंचा लावशील?"

"पिवळा."

"मग लाव," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

फोटो मी दाव्याच्या कागदांत लावायला दिले. पोच माझ्याकडे आहे. नकाशा अजून टांगलेला आहे.