बॅनरवरचा चित्ता

खर्डीहून रिक्षाने पाऊण तास, मग शेताच्या बांधावरून चालत, अशी माझी नोकरीतली शेवटची शाळा. दोन खोल्या आणि एक पडवी. ती आठवली की आधी खिचडीचा वास येतो, मुलं मागाहून.

परदेशातून चित्ते विमानाने आले, त्या वर्षी वरून आदेश आला: शाळाशाळांत चित्त्याचं स्वागत करावं. चित्ता आमच्यापासून शेकडो मैल दूर असल्याने त्याची काही हरकत नव्हती. बॅनर शहापूरहून छापून आला. आमच्या खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी तो उलगडला आणि हसू लागल्या.

"गुरुजी, ह्यो तं आपला बिबट्या! कोंबड्या नेतो त्यो."

"कशावरून?"

"ठिपका पोकळ हाय ना."

खरंच होतं. चित्त्याचा ठिपका भरीव, बोटाने शाई टेकवल्यासारखा. शिवाय डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, रडून सुकल्यासारखी. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. बाईंचं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं. त्यांनी बिबट्या वाचला नव्हता, पाहिला होता. पण बॅनर बदलायला वेळ नव्हता.

भाषण मी बाईंच्या मोठ्या मुलीला दिलं होतं. चौथीतली, पाठांतराला पक्की. तरी सरावात रोज एका वाक्यापाशी येऊन ती गप्प व्हायची: 'मादी एकटीच पिल्लं वाढवते, नर त्यांच्याकडे फिरकतही नाही.' तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचा बाप वीटभट्टीवर कामाला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला, हे सगळ्या पाड्याला माहीत होतं. वाक्य लिहिताना तेवढं मीच विसरलो होतो. खोडायला पेन काढलं.

"खोटं हाय का?" चुलीपाशी सराव ऐकणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नाही, खरं आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या."

कार्यक्रमाला पाहुण्यांनी चित्त्याच्या वेगावर अर्धा तास सावकाश भाषण केलं. पाठीमागून बिबट्या ऐकत होता. मग मुलगी उभी राहिली. चित्ता डरकाळी फोडत नाही, पाखरासारखा चिवचिवतो. त्याची नखं पुरती आत जात नाहीत, म्हणून धावताना पाय घसरत नाही. सगळं घडाघडा. मादी एकटीच पिल्लं वाढवते, म्हणाली आणि थांबली.

बायकांतून आवाज आला, "म्हंजे हिची आयसच की!"

पडवीभर हशा. मुलगी एक पाऊल मागे सरली. मी उठणार, तेवढ्यात चुलीपाशी उलथनं हातात धरून उभ्या असलेल्या बाई ओरडल्या, "हां गो, माज्यासारखीच! तू बोल पुढं."

हशा थांबला. मुलीने ते वाक्य पुन्हा, मोठ्याने, पूर्ण म्हटलं. पुढचंही म्हटलं: आई पिल्लांना दीडेक वर्षं शिकार शिकवते, मग सोडून जाते. भाऊ भाऊ एकत्र राहतात, बहिणी मात्र एकेकट्या निघून जातात.

माझा कागद इथे संपत होता. तिने पहिल्या रांगेत बसलेल्या धाकट्या बहिणीकडे पाहिलं आणि पाहुण्यांना ठणकावून सांगितलं, "पन आमी नाय जानार."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे पाहुण्यांना कळेना. बाई पदराने तोंड पुसून चुलीकडे वळल्या.

"बरं, नका जाऊ," त्या म्हणाल्या. "ये इकडं. ताटं मांड."