मिलिंदने शिडी सोडली तेव्हा

“तुमच्या मिस्टरांना वेड लागलेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांच्याच मेंदूवर उलटली आहे.”

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात, न्यूरॉलॉजीच्या लहानशा खोलीत मी बसले होते. शेजारी माझी मुलगी प्राजक्ता. माझा नवरा मिलिंद वरच्या मजल्यावर वॉर्डात झोपला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूला आलेली सूज. ऑटोइम्यून म्हणजे ही सूज कुठल्या जंतूमुळे नाही. जंतूंशी लढायला आपलं शरीर ज्या अँटिबॉडीज तयार करतं, त्याच अँटिबॉडीज मेंदूतल्या आठवणींच्या भागाला परका समजून त्याच्यावर चालून जातात.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग भीती वाटली. प्राजक्ता काहीतरी विचारत होती, डॉक्टर उत्तर देत होत्या, आणि मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या मेंदूकडे बघत बसले होते.

तुमच्या घरात असं काही चालू असेल आणि कुणाला सांगायची लाज वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. मलाही वाटत होती.

आमची सुरुवात एका व्हिडिओ गेमपासून झाली. मिलिंद सत्तावन्न वर्षांचा, भांडुपच्या कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचा. मी शाळेच्या ऑफिसात. प्राजक्ता लग्न होऊन सांताक्रूझला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मिलिंदच्या वाढदिवसाला तिने एक छोटं मशीन आणून टीव्हीला जोडून दिलं. त्यात आमच्या तरुणपणीचे सगळे गेम होते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही शनिवारी व्हिडिओ गेम भाड्याने आणायचो. आग विझवणारे दोन जवान एका जळत्या इमारतीत वर वर चढत जातात आणि अडकलेल्या माणसांना खाली आणतात, असा तो गेम. त्याचे चार भाग निघाले होते. आम्ही त्यांना ‘बंबवाले’ म्हणायचो. दोघांनी मिळूनच खेळायचा. एकाने शिडी धरायची, दुसऱ्याने चढायचं. शिडी मिलिंदची, चढणारी मी. तेव्हा आम्हाला एकही भाग पुरा करता आला नव्हता. आता ठरवलं, पहिल्यापासून चारही भाग संपवायचे. रोज संध्याकाळी चहा झाला की टीव्हीसमोर.

पहिला भाग झकास गेला. दुसऱ्या भागात मिलिंद शिडी सोडायला लागला.

मी चौथ्या मजल्यावर पोचलेली असायचे आणि अचानक धाडकन खाली. शिडीचं बटण डाव्या अंगठ्याखाली होतं. मी बघितलं, तर त्याचा डावा हात क्षणभर आखडून वर यायचा आणि चेहऱ्याची डावी बाजू वेडावल्यासारखी वाकडी व्हायची. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ. मग पुन्हा सगळं ठीक. तो मला चिडवतोय असंच मला वाटलं. प्राजक्ताला दाखवायला मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओही काढला. बघ तुझे बाबा मला कसे पाडतात म्हणून.

पण ते जेवतानाही व्हायला लागलं. दाढी करताना, कुलूप लावताना. घास हातातून पडायचा. विचारलं तर म्हणायचा, “काही नाही गं, हात झोपला असेल.” त्याची झोप मात्र उडाली होती, आणि कारखान्यातून दोनदा फोन आला की तपासलेला माल तो परत तपासतोय.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, कमी निघालं. त्यांनी मीठ वाढवायला सांगितलं, कामाचा ताण कमी करा म्हणाले. एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या यंत्रातून काढलेलं मेंदूचं चित्र, तेही नॉर्मल आलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. त्या मी सांगितल्याप्रमाणे देत राहिले. रिपोर्ट चांगला आला की माणसाला बरं वाटतं. मला वाटेना.

मग तो रविवार आला.

आदल्या दिवशी आम्ही दुसरा भाग संपवला होता. शिडी कितीदा तरी सुटली, पण संपवला. तीस वर्षांपूर्वी जो जमला नव्हता तो जमला म्हणून मिलिंदने खाली जाऊन जिलेबी आणली होती. रविवारी दुपारी त्याने मशीन लावलं आणि दुसरा भाग सुरू केला.

मी म्हटलं, अरे, आता तिसरा लाव ना. तो माझ्याकडे हसून बघत म्हणाला की दुसऱ्याला तर अजून हातच लावलेला नाही. मला वाटलं, मस्करी करतोय. मी पडद्यावर यशस्वी झालेल्यांची नावं काढून दाखवली. सगळ्यात वर दोन नावं होती, सुजा आणि मिलिंद.

त्याने ते वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“तू कुणाबरोबर खेळलीस?” त्याने विचारलं.

“तुझ्याबरोबर रे. काल.”

“मी नव्हतो. कुणीतरी माझं नाव घालून खेळलंय.” त्याने आवाज चढवला नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. “घरात कोण येतं, सुजा?”

फ्रिजमध्ये त्यानेच आणलेली उरलेली जिलेबी होती. मी ती आणून दाखवली, तर तो म्हणाला की तीही त्यानेच आणली असणार, त्या माणसाने. मग तो उठून बेडरूमचं कपाट उघडून बघायला लागला. बाथरूम बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं. वाकलेला असताना त्याचा हात पुन्हा आखडला आणि तोंड वाकडं झालं. मी दारात उभी राहून बघत होते. ज्या माणसाने आयुष्यात कधी माझ्या पर्सलाही हात लावला नाही, तो माझ्या पलंगाखाली माणूस शोधत होता.

मी प्राजक्ताला फोन केला, पण त्याने केलेला आरोप सांगू शकले नाही. बाबांना बरं नाही, एवढंच म्हटलं. ती पोचायच्या आत मिलिंद हॉलमध्ये कोसळला. दात आवळलेले, अंग ताठ, तोंडाला फेस. शेजारच्यांनी त्याला कुशीवर वळवलं आणि रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलात न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टर, संध्याकाळी आल्या. वयाने प्राजक्तापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी मला घडलेलं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. आरोपाचं मी गाळलं. तेव्हा त्या म्हणाल्या, “संशय घेतात का? वाटेल ते बोलले असतील तरी सांगा, मला ते औषधासाठी लागतं.” मग मी सांगितलं, प्राजक्तासमोर. ती माझा हात धरून बसली.

हाताचं सांगताना मला मोबाइलमधला व्हिडिओ आठवला. तो त्यांनी पुन्हा पुन्हा बघितला. ही हाताची सवय नाही, हे एक प्रकारचे झटकेच आहेत, त्या म्हणाल्या. त्यांचं लांबलचक नाव आहे, फेशिओब्रॅकियल डिस्टॉनिक सीझर्स. चेहरा आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो, माणूस शुद्धीवर असतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. हे झटके, कमी सोडियम आणि जाणारी स्मृती एकत्र दिसलं की त्यांना एकाच आजाराची शंका येते.

पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढलं. त्याला लंबर पंक्चर म्हणतात. ते पाणी आणि रक्त अँटिबॉडीच्या तपासणीला गेलं. शरीरात कुठे गाठ लपली नाही ना, हे बघायला आणखी एक स्कॅन झाला. गाठ नव्हती. अँटिबॉडी सापडली.

ज्या खोलीपासून मी सुरुवात केली, ती तेव्हाची. उपचार डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघताच सुरू केले होते. आधी शिरेतून स्टेरॉइड, म्हणजे उलटलेल्या संरक्षण यंत्रणेला दाबणारं औषध. मग आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या चांगल्या अँटिबॉडीज. बाटली थेंब थेंब करत दिवसभर चालायची.

आठवड्याच्या आत हाताचे झटके थांबले. माझा विश्वास बसेना. मी त्याच्या हाताकडे बघत बसायचे आणि तो शांत पडलेला असायचा. स्टेरॉइडमुळे त्याचा चेहरा सुजला, भूक भयंकर लागायची, चिडचिड व्हायची. हे होणार, असं सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही.

आठवणी मात्र सावकाश आल्या. आजारातले महिने आलेच नाहीत. ते कदाचित कधीच येणार नाहीत, कारण मेंदूने ते लिहूनच घेतले नव्हते, असं डॉक्टरांनी समजावलं. जिलेबी, दुसरा भाग, तो रविवार, सगळं कोरं. मी एकटीच होते त्या दिवसांची साक्षीदार.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी त्याने विचारलं, “मी तुला काही वाईट बोललो का गं? तू माझ्याकडे पाहुण्यासारखी बघतेस.”

मी सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला म्हणायचं होतं, तो तू नव्हतास. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. पण आवाज त्याचा होता, डोळे त्याचे होते, आणि मी बायको होते. म्हणून मी खरं तेच म्हटलं, की मला माहीत आहे तो आजार होता, तरी मला लागलं. तो म्हणाला, “लागणारच.” त्या दिवसापासून आम्ही पुन्हा नीट बोलायला लागलो.

आता मिलिंद कारखान्यात अर्धा दिवस जातो. दुसरा भाग आम्ही परत संपवला, त्याच्यासाठी पहिल्यांदा. सध्या तिसऱ्यात अडकलोय. हा आजार काही जणांना उलटतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे मी त्याची परीक्षा घेत राहायचे. आज वार कोणता, काल भाजी काय होती, प्राजक्ताचा फोन कधी आला. एके दिवशी त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, “सुजा, मला जे आठवत नाही ते तू सांग. पण रोज विचारू नकोस यार.”

डॉक्टरांचे, त्या वॉर्डातल्या सिस्टरांचे आणि रिक्षात आमच्याबरोबर चढलेल्या शेजाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला एवढंच सांगते, की घरातल्या माणसाचा हात, चेहरा, बोलणं अचानक परकं वाटायला लागलं तर व्हिडिओ काढा, आणि तो काय बोलला ते डॉक्टरांपासून लपवू नका.

परवा मिलिंद लग्नानंतरची गोराईची सहल आठवत होता. बोटीत मी निळी साडी नेसले होते म्हणाला. माझ्या आठवणीत ती हिरवी होती. आजार परत आला की काय म्हणून डॉक्टरांना विचारायला मी फोन उचलला.

मग मी फोन खाली ठेवला. तीस वर्षांच्या संसारात साडीच्या रंगाची चूक कुणाचीही होऊ शकते. माझीसुद्धा.

“असेल निळी,” मी म्हटलं, आणि पुढचं सांग म्हणाले.